आमच्या कोपऱ्यावरचं डोनटचं दुकान, नऊ वर्षं जातेय, आज लिहितेच

सकाळी साडेसहाच्या आत जा, जवळ कॅश ठेवा आणि गाडीत बसायच्या आधी खोक्याचं झाकण उघडून एकदा बघून घ्या. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण इथे लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस-आर्टेशिया भागात नवीन आलेले आपले लोक सारखे विचारतात की डोनट चांगले कुठे मिळतात, त्यात अंडं असतं का, तेल कसलं असतं, आईबाबा आलेत त्यांना चालेल का, आणि मी प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस मेसेज पाठवत बसते.

दुकानाचं नाव इथे टाकत नाहीये. दुकान चालवणाऱ्या आंटींना विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या, गर्दी वाढली तर आम्हा दोघांना झेपत नाही म्हणाल्या. ज्यांना हवंय त्यांनी मला मेसेज करा, सांगते. तसंही या भागात मैलामैलावर अशी दुकानं आहेत, आणि मी खाली जे लिहिलंय ते बघून तुमच्या घराजवळचं चांगलं दुकान तुमचं तुम्हाला ओळखता येईल.

पायोनियर बुलेवर्डवर आपण किराणा आणि मिठाई घ्यायला जातो ना, तिथून गाडीने दहा मिनिटं. एका बाजूला लाँड्रोमॅट, एका बाजूला नेल सलून, मध्ये हे चिंचोळं दुकान. बाहेर दोन टेबलं, आत तीन. काउंटरवर लॉटरीची तिकिटं, त्याच्या मागे छोटं देवघर, बुद्धाची मूर्ती, पुढे संत्री आणि रोज सकाळचा पहिला डोनट बशीत. पहिल्यांदा गेले तेव्हा माझं लक्ष आधी त्या बशीकडेच गेलं, कारण आमच्याकडे सांगलीला पण कुठलाही पदार्थ झाला की पहिला देवापुढे जातो, मग बाकीच्यांना. अंकल आंटी दोघं कंबोडियाचे. अंकल रात्री एक वाजता येऊन पीठ मळायला घेतात, आंटी चारला येतात, पाचला दार उघडतं आणि दुपारी एकपर्यंत सगळं संपलेलं असतं. आठवड्याचे सातही दिवस.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, दक्षिण कॅलिफोर्नियातली कोपऱ्याकोपऱ्यावरची बरीचशी डोनटची दुकानं कंबोडियन लोकांचीच आहेत, आणि ते असंच उगाच झालेलं नाही. 1975 मध्ये तिकडे ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाची सत्ता आली तेव्हा जे निसटले त्यातले खूप जण निर्वासित म्हणून इकडे आले. टेड नॉय नावाचे एक गृहस्थ त्याच वर्षी आले, विंचेल्स या डोनटच्या चेनमध्ये काम शिकले आणि 1977 मध्ये ला हाब्रामध्ये स्वतःचं दुकान घेतलं, क्रिस्टीज नावाचं. मग एकामागे एक दुकानं घेत गेले आणि नव्याने येणाऱ्या कंबोडियन कुटुंबांना शिकवून ती चालवायला देत गेले. इंग्रजी जेमतेम येत असेल तरी चालायचं, घरातले सगळे राबायचे, नोकर ठेवायला नको. आमचे अंकलही असेच एका नातेवाइकाच्या दुकानात रात्री तळणीपाशी उभे राहून शिकले. आणि ते गुलाबी खोकं, जे आता सगळीकडे डोनटचं खोकं म्हणून ओळखलं जातं, ते पण यांच्यामुळेच पसरलं, पांढऱ्यापेक्षा गुलाबी पुठ्ठा काही सेंटांनी स्वस्त पडायचा म्हणून. आठवड्याला शेकड्याने खोकी लागणाऱ्या दुकानाला ते काही सेंट म्हणजे वर्षाला चांगली रक्कम होते. आंटी अजून खोकी एकेक मोजून ठेवतात, एकही वाया जाऊ देत नाहीत.

आता खायचं बोलूया.

साधा ग्लेझ्ड. कुठल्याही दुकानात गेलात तर पहिला हाच मागा, कारण यात लपवायला काही जागाच नाही, वर चॉकलेट नाही, आत जॅम नाही, रंगीत दाणे नाहीत. हा यीस्टचा, म्हणजे पीठ फुगवून केलेला. बाजूने बघा, पोटाभोवती फिकट पांढरी रेघ दिसली पाहिजे, पट्टा बांधल्यासारखी. पीठ नीट फुगलेलं असेल तर डोनट तेलावर हलका तरंगतो, खालची बाजू तळली की उलटायचा, त्यामुळे मधला भाग तेलात बुडतच नाही आणि ती रेघ राहते. पीठ कच्चं राहिलं असेल तर डोनट जड होऊन खाली बसतो, तेल पितो आणि खाल्ल्यावर घशाशी येतं. एकदा पहाटे गेले होते, दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा अंकलनी मागे बोलावून दाखवलं. दोन लाकडी काठ्या, आपल्या लाटण्याहून बारीक आणि लांब, त्यांनी एकेक डोनट टच टच करत उलटत जायचं, एका घाण्यात दोन डझन तरी असतील, आणि पहिला उलटला तिथून शेवटापर्यंत हात कुठे थांबला नाही. मग जाळीवर काढून गरम असतानाच वरून साखरेचा पाक ओततात, पाक म्हणजे आपला तारेचा नाही, पिठीसाखरेचा पातळ, तो अंगावरून ओघळून खाली ट्रेमध्ये पडतो आणि जो राहतो तो पाच मिनिटांत काचेसारखा पातळ सुकतो. त्या पाच मिनिटांनंतरचा डोनट ज्याने खाल्लाय त्याला मी काय सांगतेय ते कळेल. दातांखाली आधी बारीकसं कुर्र, मग नुसती हवा.

दहानंतर तीच चव मिळत नाही. दुपारपर्यंत पाक ओलसर होतो, बोटांना चिकटतो. म्हणूनच म्हटलं साडेसहाच्या आत. आणि उरले तर फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, पावासारखेच लवकर शिळे लागतात, बाहेर डब्यात ठेवा आणि खाताना मायक्रोवेव्हमध्ये आठ दहा सेकंद, त्याच्यावर नाही.

दुसरा ओल्ड फॅशन्ड. हा यीस्टचा नाही, केकसारख्या पिठाचा, कडा फुटलेल्या, वरून भेगा. आई पहिल्यांदा आली 2019 मध्ये, जेट लॅगमुळे पहाटे चारला उठून बसलेली, म्हटलं चल, एक दुकान उघडं असेल. तिने तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "अगं ही बालुशाही आहे." एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "जायफळ घातलंय यात." मी तोपर्यंत वर्षभर तो डोनट खात होते, मला कधी कळलं नव्हतं तो वास कसला येतो ते. आंटींना विचारलं तर त्यांनी हो म्हणून मान हलवली, आत गेल्या आणि चक्क डबा घेऊन आल्या, जायफळाची पूड. आईने झाकण उघडून वास घेतला आणि मराठीतच सांगायला लागली की आम्ही पुरणात घालतो, श्रीखंडात घालतो, आणि आंटी त्यांच्या ख्मेर भाषेत काहीतरी सांगत होत्या, दोघींना एकमेकींचं शब्दाने काही कळत नव्हतं आणि तरी पाच मिनिटं बोलत होत्या. मध्येच आंटींनी साखरेच्या पोत्यावर हात ठेवून त्यांचा शब्द सांगितला, स्कॉ असं काहीसं ऐकू आलं, तर आई लगेच, "साखरच की ही!" भिंतीवर कंबोडियातल्या अंगकोर वट देवळाचं कॅलेंडर आहे. ते देऊळ बाराव्या शतकात मुळात विष्णूचं म्हणून बांधलेलं, हे मी आईला सांगितल्यावर तिने निघताना त्या कॅलेंडरला हात जोडले. आंटींनी ते पाहिलं. त्या दिवसापासून आई तिकडे मदर आहे, मी नुसती हनी.

आता तो मुख्य प्रश्न, शाकाहारी लोकांना चालतं का. नीट सांगते कारण यात बरेच जण अंदाजपंचे बोलतात.

अंडं आहे. केकवाल्यात तर आहेच, यीस्टवाल्यात पण या दुकानात आहे. पुण्या-मुंबईत मॅड ओव्हर डोनट्समध्ये एगलेस खाऊन सवय झालेली असते त्यामुळे लोकांना वाटतं इथेही तसेच असतील, नसतात. तेव्हा ज्यांना अंडं अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी इथे काही नाही, कॉफी घ्या. आमच्याकडे केकमधलं अंडं आईबाबांना चालतं पण चरबी चालत नाही, म्हणून मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं की तळायला काय वापरता. असा प्रश्न विचारला की बऱ्याच ठिकाणी लोक वैतागतात किंवा पटकन व्हेजिटेबल व्हेजिटेबल म्हणून मोकळे होतात. अंकल काही न बोलता आत गेले आणि तेलाच्या घट्ट वडीचं अख्खं खोकं, पन्नास पौंडांचं असेल, उचलून काउंटरवर आणून ठेवलं आणि घटकांच्या ओळीवर बोट ठेवलं. सोया आणि पाम. म्हणाले, वाच. मी वाचलं. ते म्हणाले, ब्रँड बदलला तर सांगेन. आणि दोन वर्षांनी खरंच बदलला तेव्हा मी काही विचारायच्या आधी नवीन खोक्याचा कापलेला पुठ्ठा काउंटरखाली माझ्यासाठी ठेवलेला होता, त्यावरची ओळ मला वाचायला देऊन मगच डोनट दिले. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे.

तळणीत फक्त डोनट जातात. हॅम चीज क्रोसाँ मिळतं पण ते ओव्हनमध्ये गरम करतात. मेपल बार म्हणजे वर मेपलचा गोड थर दिलेला लांबट डोनट, त्यावर बेकन, म्हणजे डुकराचं मांस, लावलेला एक प्रकार असतो, तो वेगळ्या ट्रेमध्ये असतो, पण चिमटा तोच असू शकतो, तेव्हा सांगा. मी सांगितल्यापासून आंटी माझी ऑर्डर चिमट्याने काढतच नाहीत, प्रत्येक वेळी नवीन बटर पेपर घेऊन हाताने काढतात. रांगेत दहा माणसं असली तरी.

बाकीचं पटापट. अ‍ॅपल फ्रिटर घ्या, तळहाताएवढा असतो, दोघांत एक पुरे, कडेचे कुरकुरीत तुकडे पोरं आधी पळवतात. बटरमिल्क बार चांगला, चहाबरोबर तर फारच. जेली भरलेला मला आवडत नाही, फार गोड आणि जॅमला फळाची चव नाही. ब्लूबेरी केक डोनट ठीक. रंगीत दाण्यांचा लहान मुलांसाठी. कॉफी पातळ आहे, नऊ वर्षं पातळच आहे, मी घरून चहा थर्मासमध्ये नेते आणि आंटींना त्याचं काही वाटत नाही, उलट एकदा त्यांनी थोडा मागून घेतला, आलं घातलेला, तेव्हापासून मी दोन कप जास्त आणते. एक ग्लेझ्ड दीड डॉलर, डझन अठरा, पाच डॉलरच्या आत कार्ड घेत नाहीत. डझनला तेरावा वर मिळतोच, आणि मुलं बरोबर असतील तर पिशवीत डोनट होल्स, म्हणजे डोनटच्या पिठाचे छोटे गोळे, तीन चार, न मागता. मंडईत भाजीवाली शेवटी मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी वर टाकते तसं. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा उंच, त्याला अजून मिळतात.

गिऱ्हाइकं बघायला पण जा. पाच ते सहा रात्रपाळी संपवून आलेल्या फिलिपिनो नर्सेस, त्यांची हॉस्पिटलच्या स्टाफसाठी दोन दोन डझन. मग बागकाम आणि बांधकामाचे मेक्सिकन लोक, त्यांच्याशी आंटी स्पॅनिशमध्ये बोलतात, आणि खरं सांगते त्यांचं स्पॅनिश त्यांच्या इंग्रजीपेक्षा जास्त पळतं. सातनंतर बाहेरच्या टेबलावर चार आजोबा, एक कॉफी आणि एक डोनट घेऊन दोन तास, त्यांना कुणी कधी उठवत नाही. मागच्या वर्षी त्यातले एक आजोबा आठवडाभर आले नाहीत तर आंटींनी बाकीच्या तिघांना सांगून त्यांच्या घरी माणूस पाठवला होता. पडले होते, पाय मोडलेला. महिनाभर त्यांचा डोनट रोज कुणीतरी घरी नेऊन देत होतं, दोनदा मीच नेला.

आणि हे इथलंच असं नाही. इथून जवळ सील बीचला डोनट सिटी म्हणून दुकान आहे, 2018 मध्ये तिथल्या मालकांची बायको खूप आजारी पडली, तर गावातल्या लोकांनी पैसे गोळा करू का विचारलं, मालकांनी नको म्हटलं, त्यांना फक्त बायकोपाशी वेळ हवा होता. मग लोक पहाटेपासूनच डझनाने डोनट घ्यायला लागले, म्हणजे माल लवकर संपेल आणि त्यांना दुकान बंद करून जाता येईल. बातम्यांमध्ये खूप आलं होतं तेव्हा. अशा दुकानाचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध काय असतो हे मला आमच्या आंटींमुळे आधीच माहीत होतं म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही, पण रडू आलं होतं हे खरं.

आता तक्रार. झाकण उघडून बघा असं सुरुवातीला का लिहिलं ते सांगते. दीड वर्षापूर्वी आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दिवाळीचा कार्यक्रम होता, मुलांसाठी चार डझन सांगितले होते, साधे ग्लेझ्ड आणि चॉकलेट. मी सकाळी घाईत चार खोकी उचलली आणि निघाले. हॉलवर जाऊन उघडतेय तर एका खोक्यात अख्खे डझनभर बेकनवाले मेपल बार. समोर चाळीस मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त शाकाहारी घरातली, आणि एका मुलीने उचललासुद्धा होता, तिच्या आईने हातातून घेतला म्हणून बरं. मला इतकं अपराध्यासारखं झालं की काय सांगू, कारण हे दुकान मी सगळ्यांना खात्रीने सांगितलेलं. फोन लावला, आंटींना आधी कळेचना, मग कळल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. वीस मिनिटांत त्यांचा भाचा गाडी घेऊन हॉलवर हजर, दोन डझन नवीन डोनट, कोमट होते अजून. चुकलेलं खोकं ज्यांचं होतं त्यांच्याकडे तो तसाच पुढे गेला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर आंटी चार डझनांचे पैसे परत द्यायला लागल्या, मी घेतले नाहीत, त्यांनी ते माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबले, मी टिप जारमध्ये टाकले. पण चूक ती चूकच, आणि ज्यांच्या घरी याबाबतीत कडक आहे त्यांनी हे वाचून ठरवावं म्हणून मी लपवत नाहीये. चार खोकी वरून एकसारखी गुलाबी दिसतात, आत काय आहे ते वर लिहिलेलं नसतं. आता आंटी माझ्या खोक्यांवर स्केच पेनने पान काढतात, हिरवं. दुसऱ्या कुणी व्हेज सांगितलं तरी काढतात, फक्त सांगावं लागतं.

अजून एक त्रास म्हणजे पार्किंग. सहा जागा आहेत, शनिवारी लाँड्रोमॅटवाल्यांनी भरलेल्या असतात, रस्त्यावर लावा पण पाटी वाचून लावा, झाडू मारायच्या दिवशी तिकीट बसतं. ऑनलाइन ऑर्डर नाही, डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर नाहीत. 2020 मध्ये भाच्याने सुरू करून दिलं होतं, काही महिने चाललं, मग अंकलनी बंद केलं, कमिशन फार जातं म्हणाले आणि डोनट पोचेपर्यंत खराब होतो ते त्यांना सहन व्हायचं नाही.

बंद जवळजवळ कधीच नसतं, फक्त एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवीन वर्ष असतं तेव्हा एक दिवस. आपला पाडवा होऊन गेलेला असतो, त्यामुळे मी त्या सुमारास घरच्या श्रीखंडाचा डबा देते, जायफळ जास्त घालून. त्या दिवशी त्यांचं सगळं कुटुंब लाँग बीचला जातं, तिथल्या अ‍ॅनाहाइम स्ट्रीटवरच्या भागाला 2007 पासून अधिकृतपणे कंबोडिया टाउन म्हणतात, जेवायला एकदा जाऊन या, वेगळं लिहीन कधीतरी.

गणपतीत किंवा शाळेसाठी मोठी ऑर्डर असेल तर आदल्या दिवशी अकराच्या आत फोन करा, त्यानंतर अंकल झोपलेले असतात आणि त्यांना विचारल्याशिवाय आंटी मोठा आकडा घेत नाहीत. व्हेज पहिल्या वाक्यात सांगा. प्रकार आणि आकडे सावकाश सांगा, आणि सांगून झाल्यावर लगेच ठेवू नका, दिवाळीच्या त्या दिवसापासून आंटी प्रत्येक ओळ परत वाचून दाखवतात, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घ्या.